पाटीखालून कोणी जाईना

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. निदान आज तरी आहे. मी फणसाची आहे, एवढे मात्र खात्रीने सांगते. बाकी मी पाट आहे, मेज आहे, पाटी आहे की बाक आहे, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. माझी गोष्ट ऐकून तुमच्यापैकी कोणाला कळले तर मलाही सांगा.

रत्नागिरीत भगवती बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर धोंडू नाटेकरांचे घर आहे. जांभ्या दगडाचे, पुढे ओटी, मागे पडवी. धोंडू खलाशी होता. काशीराम तांडेलांच्या गलबतावर तो मलबारपर्यंत जाई. एका मोसमात तो ताप घेऊन आला आणि पुन्हा काही बंदरावर गेला नाही. मागे राहिली त्याची बायको सखूबाई आणि मुलगा आत्माराम. त्यांच्या विहिरीजवळ एक फणस होता. तो फणस म्हणजे मी. किंवा तो माझा बाप म्हणा. झाडाची फळी झाल्यावर नाते काय लावायचे, इथपासूनच माझा गोंधळ सुरू होतो.

१९२८ साली घराची चौकट वाळवीने खाल्ली, म्हणून फणस तोडला. विठू सुताराने नवी चौकट केली आणि मी उरले. त्याने मला उभी धरून पाहिले, आडवी धरून पाहिले, एक डोळा मिटून पाहिले.

"पाटाला लांब आणि मांडणीला आखूड," तो म्हणाला. "हिचा काय करायचा ता मला समजत नाय, वयनी."

"रंधून ठेव तशीच," सखूबाई म्हणाली. "आमच्या आत्माचा पण तसाच हाय. बी. ए. झाला, तरी काय करायचा ता समजत नाय."

आत्माराम त्या वेळी ओटीवरच होता. मुंबईस नोकरी करता करता तो बी. ए. झाला होता आणि आता इन्कमटॅक्सचे काम करणाऱ्या एका वकिलांच्या कचेरीत कारकून होता. व्यापाऱ्यांचे हिशेब नीट मांडून द्यायचे, कागद घेऊन वकीलसाहेबांच्या मागे जायचे आणि इन्कमटॅक्सच्या साहेबांच्या दाराबाहेर उभे राहायचे. बोलायचे वकीलसाहेबांनी. त्या दाराच्या आत जायचे त्याच्या मनाने घेतले होते.

"आये, आणखी एक पदवी आहे. एल्एल्. बी. ती झाली की मी स्वतः वकील."

"कसला वकील?"

"इन्कमटॅक्सचा. ज्याची जेवढी कमाई, तेवढाच त्याला कर. सरकारनं जास्ती मागितला तर आपण भांडायचं."

"त्याला शिकायला कशाला हवा? शेतसारा मी दरसाल भरते. तलाठी सांगतो, मी देते. मला कोणी बी. ए. केलान नाय."

माजघराच्या दारात त्याची बायको गंगा उभी होती. कडेवर वर्षाची कमळी. लग्न झाल्यापासून गंगा रत्नागिरीत आणि नवरा मुंबईत. आमच्याकडच्या बायकांना यात नवल वाटत नाही. पण गंगेला वाटत असे.

"पदवी घेऊन राहायचं कुठं?" तिने विचारले.

"इथंच. ओटीवर पाटी लावणार. मग मुंबई बंद."

"तोंडी नको. वकिलांचं तोंडी चालत नाही म्हणतात."

तो हसला. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्यावर टिचकी मारून तो म्हणाला, "ही साक्षीदार. झालं?"

गंगेने माझ्याकडे नीट पाहिले. "बघ हां गो," ती मला म्हणाली. अशी मी साक्षीदार झाले. कशाची, ते मला तेव्हा नीट कळले नव्हते.

मुंबईच्या खोलीत मेज नाही म्हणून आत्मारामाने मला बरोबर घेतले. त्याच्या ट्रंकेवर मला सुंभाने बांधले, पडावातून आगबोटीवर चढवले आणि मी गिरगावात पोचले. ती खोली आपल्याकडच्या पुष्कळ माणसांची मिळून होती. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीला एक खुंटी. आत्मारामाच्या ट्रंकेवर मला आडवी टाकली की मी मेज. जेवताना काढून घेतली की मी पाट. दादू नावाचा एक नाटे गावचा गडी होता, तो गिरणीत कामाला. त्याच्या हातात गेले की मी काय, ते विचारू नका.

"आत्माराम, तुजा कायदा उचल जरा. बोंबील साफ करायचेत."

मित्रांनो, त्या पदवीपायी माझ्या एका टोकाला शाईचा वास होता आणि दुसऱ्या टोकाला सुक्या बोंबलांचा.

आत्माराम पहाटे उठून कायद्याच्या वर्गाला जाई, तिथून कचेरीत, आणि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत खिडकीशी माझ्यावर पुस्तक ठेवून बसे. मोठ्याने वाची. मी कान देऊन ऐके. मला वाटले होते, आता इन्कमटॅक्स कळेल. पण ते लोक आधी रोमन लोकांचा कायदा शिकवत. रोमन लोक कुठले, ते मला माहीत नव्हते. राजापूरच्या पलीकडचे असावेत, असे मी धरून चालले. त्यांच्यात गुलामाला मोकळे कसे करायचे, त्याच्या अंगाला काठी कशी लावायची, मेलेल्या माणसाची गाय कोणाची, असे सगळे होते. आत्माराम डोळे मिटून ते घोकी आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघत राही. माझ्याइतकाच तोही गोंधळलेला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले आणि त्याच्याबद्दल मला फार माया वाटली.

"काय रे," दादू विचारी, "ह्या रोमनांचे आंबे किती उतरतात?"

"त्यांच्याकडे आंबे नव्हते."

"मग त्यांचा कायदा कशाला शिकतोस मेल्या?"

आत्माराम पान उलटी. याचे उत्तर परीक्षकापाशी तरी असेल का, कोण जाणे. त्या वर्षी आत्माराम नापास झाला. निकाल पाहून आला, कोट न काढताच बसला आणि माझ्यावर दोन्ही कोपरे टेकवून खिडकीबाहेर बघत राहिला. दादू कामावरून आला. त्याने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि त्या दिवशी बोंबील जमिनीवर कागद पसरून साफ केले.

मे महिन्यात तो घरी येई, तो मला घेऊनच. सुट्टीतही अभ्यास असायचाच. १९३० सालच्या मे महिन्यात तो ओटीवर मला मांडीवर घेऊन बसला होता. कमळी तीन वर्षांची झाली होती. ती खांबाआडून त्याच्याकडे टक लावून बघत होती. मग ती आत गेली आणि तिने विचारले. घर लहान, सगळ्यांना ऐकू गेले.

"आई, हे पाहुणे कधी जाणार?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"पाहुणे नव्हेत ते," गंगा म्हणाली. "बाबा तुझे."

"मग ते जातात कशाला?"

"परीक्षेला," सखूबाई म्हणाली.

कमळीने विचार केला. "परीक्षा जयगडच्या पुढं की अलीकडं?"

सखूबाई हसली. गंगाही हसली असेल, पण मला तिचे हसू ऐकू आले नाही. आत्माराम माझ्यावर वाकला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागला. चार वेळा वाचूनही त्याला ती कळली नसावी. मला तर कळलीच नाही. पण मी कशाची साक्षीदार आहे, ते मात्र त्या दिवशी कळले.

त्यानंतर तो हट्टाला पेटला. रोमन लोकांना त्याने कसेबसे पार केले. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर इन्कमटॅक्सचा कायदा कचेरीतून आणून तो स्वतःच वाचू लागला. तो मात्र त्याला मनापासून आवडे. कमाई कशाला म्हणावे, खर्च कोणता सुटतो, कोणाची कमाई कोणाच्या नावावर धरायची. शेतीचे उत्पन्न ह्या करात येत नाही, हे वाक्य आले तेव्हा तो मोठ्याने हसला. "म्हणजे आमची अर्धी रत्नागिरी सुटली!" तो दादूला म्हणाला. आंबा सुटला, भात सुटले, नारळ सुटला. माझे गरेही करमुक्त होते म्हणायचे. हे मला झाडावर असताना कोणी सांगितले नव्हते.

"अर्धी रत्नागिरी सुटली," दादू म्हणाला, "तर तू तिथं पाटी लावून काय माशा मारणार?"

आत्मारामाचे हसू मावळले. पण गंगेला शब्द दिलेला होता.

१९३१ संपता संपता तो पास झाला. सनद मिळाली. वकीलसाहेबांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, "जा, गावी पाटी लाव. सरकारनं आता मर्यादा खाली आणली आहे, लहानसहान व्यापाऱ्यांनाही नोटिसा जातील. चाललं तर आनंद. नाही चाललं तर पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीनं परत ये. तोवर तुझी जागा ठेवतो. पुढं नाही."

म्हणजे मेअखेरपर्यंत. आपल्याकडे पावसाळ्यात आगबोटी बंद असतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्या बोटीने गेला की गेला.

घरी आल्यावर पाटीला लाकूड शोधायचे म्हणून सगळे इकडेतिकडे बघू लागले. गंगा म्हणाली, "ही आहे ना. हिनं सगळं ऐकलंय." मग धाकू रंगाऱ्याला बोलावले. तो गलबतांवर नावे रंगवी. त्याने माझ्या स्वच्छ बाजूला गलबताचा निळा रंग दिला, पांढरी अक्षरे काढली आणि सवयीने दोन्ही टोकांना एकेक कमळ काढले. सखूबाईने नारळ वाढवला, हळदकुंकू लावले. नवे गलबत पाण्यात सोडताना करतात तसे सगळे केले. फक्त पाणी नव्हते. आणि मला दरवाज्यावर खिळ्यांनी ठोकले. शाईची, बोंबलांची बाजू भिंतीकडे गेली.

मित्रांनो, आपल्या तोंडावर काय लिहिले आहे ते आपल्याला कधी दिसते का? मला दिसेना. खालून कमळी बोट ठेवून वाची, तेव्हा कळे. "आ... त्मा... रा... म... धोंडू... नाटेकर." मग एक दम घेऊन "बी. ए., एल्एल्. बी." आणि मग ज्यावर तिची जीभ दरवेळी अडखळे ते, "इन्कमटॅक्सचे वकील." ती अक्षरे त्याच पाटीवर शिकली.

माघात सत्यनारायण घातला. सगळी आळी लोटली. ओटीवर माणसे, अंगणात माणसे. मी वरून बघत होते. शिऱ्याचा वास, कौतुक, मला वाटले आता आपले दिवस आले. केरूनाना म्हणून आंब्याच्या बागांचे मालक आहेत, ते पुढे सरसावून म्हणाले, "आता आम्हांला जरा समजाव बघू, तू शिकलास काय ता."

आत्माराम तीन वर्षे ज्या प्रश्नाची वाट बघत होता, तो हाच. तो खुलला.

"नाना, तुमच्या आंब्याला इन्कमटॅक्स नाही. शेतीला नाहीच."

"नाय?" केरूनाना मागे सरले. "सरकार आंबा सोडतंय? मग नक्की कायतरी काळंबेरं हाय."

"खरंच नाही. आता दुसरं उदाहरण घेऊ. समजा, काशीराम तांडेलांचं गलबत आहे."

काशीराम पुढेच बसले होते. आत्मारामाचा बाप ज्यांच्या गलबतावर होता, तेच हे. मिशीत हसून म्हणाले, "समजा कशाला? हायच माजा."

सगळे हसले. इथपर्यंत छान चालले होते. मग आत्मारामाने विचारले, मंगलोरहून कौले आणायचे भाडे किती येते. काशीरामांनी फुशारकीत सांगितले. वर्षात फेऱ्या किती? तेही सांगितले. आत्मारामाने डोळे मिटून हिशेब केला आणि शिकलेल्या माणसाच्या उत्साहाने तो आकडा चारचौघांत मोठ्याने सांगितला. आणि त्यावर कर किती, तेही.

मित्रांनो, अशी शांतता मी झाड असतानासुद्धा ऐकली नव्हती. काशीराम तांडेलांच्या हातातला प्रसादाचा द्रोण तसाच राहिला. केरूनाना त्यांच्याकडे असे बघू लागले, की जणू आजवर तो माणूस फाटका सदरा घालून सगळ्यांना फसवत होता.

"येतो मी," काशीराम उठले. "भरती आलीय. गलबताकडं बघायला हवा."

"आत्ता तर ओहोटी हाय," मागून कोणीतरी म्हणाले.

"असूंदे!" ते म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून पाटीखालून कोणी जाईना. आत्माराम सरकारचा माणूस झाला, कमाई मोजायला बसला आहे, असे वाऱ्यासारखे पसरले. बंदरावरून येणारी माणसे आमच्या घरापाशी आली की वाट ओलांडून पलीकडच्या कडेने जात. मासेवाली रिकामी टोपली डोक्यावर घेऊन जाताना माझ्याकडे तोंड करून ओरडे, "आज कायसुदीक खपला नाय गो बाय!" केरूनानांच्या आंब्याच्या पेट्या गोठ्यात गवताखाली गेल्या. विहिरीवर गंगा गेली की बायका पाटल्या पदराखाली घेत आणि दुसरेच काही बोलू लागत. सखूबाईला कोणी हळदीकुंकवाला बोलावीना.

"काशीराम तांडेल सांगत सुटलेत, गलबत माजा नाय, बायकोचा हाय," एकदा सखूबाईने बातमी आणली. "आणि बायको सांगते, माजा नाय, देवाचा हाय."

"देवाला इन्कमटॅक्स आहे का?" गंगेने विचारले.

"ते कलम वेगळं आहे," आत्माराम म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आले की ती चेष्टा करत होती. पण तिचे डोळे चेष्टेचे नव्हते.

रोज सकाळी काळा कोट चढवून तो ओटीवर बसे. चैत्रातल्या उकाड्यात घाम निथळत बसलेला असे. मी त्याच्या डोक्यावर. मी माझ्या अक्षरांनी लोकांना बोलावत होते, पण ज्यांना बोलवावे तेच दूर पळत होते. माझे काय चुकते आहे, ते मला कळेना. रंग वाईट होता का? कमळे नको होती का? कमळी खाली पायरीवर बसून मला मोठ्याने वाचे. एक दिवस तिचा बाप तिला म्हणाला, "कमळे, हळू वाच बाळा."

"बरं," ती म्हणाली. ती त्याला अजून काहीच म्हणत नसे. पाहुणे म्हणू नको असे सांगितले होते, आणि दुसरे तिच्या तोंडात बसले नव्हते.

वैशाखात ट्रंक बाहेर आली. गंगेने तिच्यातली झुरळे झटकली, धोतरे घड्या करून ठेवली.  एकदा कामाला जाता जाता तिने वर माझ्याकडे पाहिले. साक्षीदाराकडे बघतात तसे. मी काय करणार होते? मला खिळे होते.

आणि याच दिवसांत आमच्या घरात काहीतरी चमत्कारिक होऊ लागले. पुढच्या दाराने चिटपाखरू येत नव्हते, हे मी छातीठोक सांगते. पण मागे बोलणे ऐकू येई. आत्माराम मध्येच ओटीवरून उठून आत जाई आणि बराच वेळ बाहेर येत नसे. स्वयंपाकघरात एक दिवस सुरमई शिजली. सुरमई! ओटीवर कोणी नाही आणि चुलीवर सुरमई. एकदा सोललेले नारळ आले, एकदा तांदळाचे अर्धे पोते. एक दिवस आत्माराम कोट घालून मागच्या मागे कुठेतरी गेला आणि संध्याकाळी गुणगुणत आला. मी पुरती चक्रावले. ह्या घरात माणसे येतात कुठून?

ते सगळे मला पुढे कळले. काशीराम तांडेलांना खरोखरच इन्कमटॅक्सची नोटीस आली होती. त्यांना वाटले, आत्मारामानेच कळवले. ते चार दिवस जेवले नाहीत. शेवटी त्यांची बायको गोदा ती नोटीस टोपलीत माशांखाली घालून मागल्या पडवीत आली. मासे द्यायच्या निमित्ताने.

"ते ओटीवर आहेत, पुढनं या ना," गंगा तिला म्हणाली.

"पुढनं नको गो बाय! त्या पाटीखालनं गेलं की गाव बोलेल, तांडेलाला पैका झाला. मग उद्या जो तो दारात उसनं मागायला. आणि माज्या पोरीच्या लग्नाचा काय? हुंडा दुप्पट सांगतील."

मित्रांनो, मला वाटले होते लोक मला घाबरतात. तसे नव्हते. माझ्याखालून जाणे म्हणजे आपल्याला कमाई आहे, असे दवंडी पिटून सांगणे होते. आपल्याकडे माणूस भूक सांगेल, आजार सांगेल, पण कमाई सांगणार नाही.

गंगेने आत्मारामाला मागे बोलावले. कोट नको, तसेच या, म्हणाली. गोदाकाकी जात्यापाशी बसून रडत होती.

"एवढी कमाई आमची नाय रे! सगळा भाडा आमचाच धरलान. खलाशांना वाटा देऊन आमच्याकडं ऱ्हातं काय?"

आत्मारामाने नोटीस दोनदा वाचली. मग तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"काकी," तो म्हणाला, "त्या दिवशी मीही तोच हिशेब केला. वाटे विसरलो. माझे बाबा तुमच्या गलबतावर वाट्यावर होते. आम्ही त्या वाट्यावर जेवलो, आणि मी बाबांचाच वाटा विसरलो."

आपल्या गलबतांवर खलाशांना पगार नसतो, वाटा असतो. भाडे आले की गलबताचा वाटा, गलबत हाकणाऱ्या तांडेलाचा वाटा, मग गड्यांचे वाटे. हे कुठल्या रोमन पुस्तकात नव्हते. पण ज्याची कमाई त्याच्याच नावावर, हे कलम तर पुस्तकात होते. ते त्याने माझ्यावरच पाठ केले होते. इन्कमटॅक्सच्या साहेबांचा मुक्काम रत्नागिरीत पडला, तेव्हा आत्माराम काशीरामांना घेऊन गेला. खलाशांना उभे केले. ह्या वेळी तो दाराच्या आत उभा होता, आणि बोलत तोच होता. नोटिशीतला आकडा पार खाली आला. तांडेल घरी आले ते मागच्या दाराने, आणि आत्मारामाच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पुढे जात्यावर पडला.

त्यानंतर हळूहळू मागे माणसे येऊ लागली. कोणी ताक मागायला म्हणून, कोणी केळीचा कोंब न्यायला म्हणून. केरूनानासुद्धा आले. त्यांना आंब्याचे विचारायचे नव्हते. व्याजाने दिलेल्या पैशांचे विचारायचे होते.

हे मला काहीच ठाऊक नव्हते. मला एवढेच दिसले की शेवटच्या बोटीचा दिवस उजाडला. ट्रंक ओटीवर होती, सुंभ बांधलेला. समुद्रात दूर धूर दिसू लागला. बंदराकडून पडाववाल्यांच्या हाका येत होत्या. सखूबाई देवापाशी होती. तेवढ्यात आत्माराम स्टूल घेऊन आला आणि माझे खिळे काढू लागला.

 संपले, मला वाटले. परत ट्रंकेवर, परत गिरगाव, परत बोंबील. माझ्यासमोर दिलेला शब्द मोडणार, आणि तोही माझ्याच साक्षीने. खिळे कुरकुरत निघाले. त्याने मला खांद्यावर घेतले. मी ट्रंकेकडे बघत होते. पण तो ट्रंक ओलांडून आत गेला. माजघरातून, स्वयंपाकघरातून, थेट मागल्या पडवीत. तिथे मी कधी गेले नव्हते.

गंगेने दोन चिरे मांडून ठेवले होते. "इथं ठेवा," ती म्हणाली. "लोकं किती दिवस जात्यावर बसतील?"

"रंग वर की खाली?"

"खाली. आहे तो असू दे. पुसू नका."

त्याने मला चिऱ्यांवर पालथी घातली. अक्षरे, कमळे, सगळे जमिनीकडे. शाईचे डाग वर. गंगेने पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि ती डागांवरून हात फिरवत राहिली. ते डाग ती पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होती.

कमळी धावत आली, वाकून खाली बघितले आणि तिचे तोंड पडले.

"आता अक्षरं दिसत नाहीत," ती म्हणाली. "मी वाचू काय, बाबा?"

बंदरावर आगबोटीने भोंगा दिला. लांबलचक भोंगा. पडवीत कोणी उठले नाही. आत्माराम माझ्यावर बसला, आणि त्याने कमळीला मांडीवर घेतले.

या गोष्टीला आता सात वर्षे झाली. मी अजून त्याच दोन चिऱ्यांवर आहे. माझ्यावर तांडेल बसले, दुकानदार बसले, कौलांचे व्यापारी बसले, आणि सुरमई पोचवायच्या निमित्ताने येणाऱ्या गोदाकाकी तर रोजच. आपण इन्कमटॅक्सच्या पाटीवर बसलो आहोत, हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही. गोदाकाकींनी मला सगळी हकिगत माझ्यावरच बसून सांगितली, दर वेळी थोडी वाढवून.

मित्रांनो, मी पाटी म्हणून फुकट गेले की कामी आले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला उतरवले म्हणून तो राहिला, एवढे मात्र खरे. तुमच्याही घरात मागल्या पडवीत एखादी जुनी फळी असेल. तिच्यावर बसा, पाय हलवा, मला राग नाही. पण पडवी ओली असते आणि वाळवीला फणसाची चव ठाऊक आहे. तेव्हा पावसाळा सुरू व्हायच्या आधी तिच्यावर उंडीच्या तेलाचा एक हात फिरवा. आणि तेल लावताना तिला एकदा उलटी करून बघा. कोणाचे तरी नाव तिथे तोंड खाली करून, घर धरून पडलेले असेल.

कमळी आता बारा वर्षांची आहे. तेल तीच लावते. मला उलटी करते, आणि मोठ्याने वाचते.